आवृत्ती नियंत्रण साधनाची डागडुजी : वीज गेली तरी कमिट टिकले पाहिजे

आवृत्ती नियंत्रण साधन म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास राखणारा प्रोग्राम; गिट हे असेच एक. कमिट ही त्या इतिहासातली एक नोंद, रेपो म्हणजे तो इतिहास साठवणारी डिरेक्टरी. आमचे साधन सी भाषेत लिहिलेले, अंतर्गत वापराचे. डिस्कवरची मांडणी गिटच्याच वळणाची: मजकुराच्या हॅशवरून (मजकुरातून गणलेला ठसा) नाव मिळणारे ऑब्जेक्ट, त्यांच्याकडे बोट दाखवणारे रेफ (ब्रँचचे नाव हा असाच रेफ), मधे इंडेक्स (पुढच्या कमिटसाठी अॅड केलेल्या फाइलींची यादी), आणि जुने ऑब्जेक्ट एकत्र बांधलेल्या पॅक फाइली. नवी सुविधा एकही घालायची नाही, फक्त तक्रारी मिटवायच्या, एवढेच ठरवून काम हाती घेतले. तक्रारी अशा: वीज गेल्यावर रेपो खराब होतो, लॉक फाइल (एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून ठेवलेली खूण) मागे राहते, बदललेली फाइल ‘बदल नाही’ म्हणून दाखवली जाते, एखादी ब्रँच क्षणभर गायब होते आणि सफाईनंतर कधीतरी ऑब्जेक्ट सापडत नाही. गिटवर किंवा तशा कशावरही काम करणाऱ्याला यातले बरेचसे लागू पडेल.

६ जानेवारी: आधी बिघाड हुकमी घडवणे

बिघाड हवा तेव्हा घडवता येत नसेल तर दुरुस्ती झाली की नाही हे कळायला मार्ग नाही. पहिली चाचणी सोपी लिहिली: कमिट चालू असताना प्रोसेसला किल -९ (तत्काळ मारणारा, अडवता न येणारा सिग्नल), मग पूर्ण तपासणी. रात्रभर चालवली, एकही ऑब्जेक्ट खराब निघाला नाही. वेळ वाया गेला, पण कारण लिहून ठेवण्यासारखे आहे. प्रोसेस मेली तरी तिने लिहिलेला डेटा कर्नलच्या पेज कॅशमध्ये (मेमरीतली तात्पुरती साठवण) शाबूत असतो आणि कर्नल तो सवडीने डिस्कवर उतरवतो. वीज जाते तेव्हा नेमकी ती कॅशच जाते. म्हणजे किल -९ लॉक फाइली तपासायला ठीक; टिकाऊपणा तपासायला अजिबात उपयोगाचे नाही.

मग व्हर्च्युअल मशीनमध्ये कमिटची स्क्रिप्ट सतत चालू ठेवून बाहेरून मशीनच बंद पाडले. शून्य बाइटचे ऑब्जेक्ट मिळू लागले, पण नशिबाने. शेवटी लिनक्सचे डीएम-लॉग-राइट्स वापरले. हे डिव्हाइस मॅपरचे टार्गेट ब्लॉक डिव्हाइसवर जाणारे प्रत्येक लेखन क्रमाने नोंदवते, फ्लश (डिस्कच्या कॅशमधले पक्के उतरवण्याची आज्ञा) कुठे झाला तेही. ती नोंद कोऱ्या डिस्कवर हव्या त्या फ्लशपर्यंत चालवायची, फाइल सिस्टिम माउंट करायची, तपासणी करायची, मग पुढचा फ्लश. नशिबाचा भाग संपला. नोंदीसाठी वेगळी आणि ऐसपैस डिस्क द्यावी. लेखनाचा पसारा अंदाजापेक्षा फार मोठा होतो.

१३ जानेवारी: शून्य बाइटचे ऑब्जेक्ट

जुना कोड असा होता: तात्पुरत्या नावाने फाइल उघड, लिही, बंद कर, खऱ्या नावाने रीनेम कर. रीनेम अखंड असते (होते तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही), त्यामुळे अर्धवट फाइल कधीच दिसणार नाही, असे कोडमधल्या टिप्पणीत लिहिलेले. चालू मशीनवर ते खरे आहे. वीज गेल्यावर नाही.

ईएक्सटी४ फाइल सिस्टिम डेटासाठी ब्लॉक लगेच राखून ठेवत नाही, उशिरा वाटप करते. रीनेम मात्र मेटाडेटा (फाइलविषयीची माहिती) असल्यामुळे जर्नलमधून (फाइल सिस्टिमची बदलांची नोंदवही) आधी डिस्कवर पोहोचू शकते. मधल्या काळात वीज गेली तर नाव आहे, लांबी शून्य.

एक गोष्ट आधी उलगडत नव्हती. ऑब्जेक्ट शून्य होत होते, पण मेन ब्रँचचा रेफ कधीच शून्य झाला नाही, जरी दोन्हीकडे लिहिण्याची पद्धत तीच. उत्तर ईएक्सटी४ च्या एका सोयीत आहे. आधीपासून असलेल्या फाइलवर रीनेम केले तर ती फाइल सिस्टिम नव्या फाइलच्या डेटाचे वाटप तिथल्या तिथे उरकते. जुना रेफ बदलताना ही सोय लागू होते. ऑब्जेक्टचे नाव प्रत्येक वेळी नवे, तिथे लागू होत नाही. पडताळा म्हणून नवी ब्रँच काढून वीज तोडली, तिचा रेफ शून्य बाइटचा मिळाला. थोडक्यात, इतके दिवस रेफ टिकले ते फाइल सिस्टिमच्या मेहरबानीवर.

दुरुस्तीचा क्रम: लिही, एफसिंक (फाइल डिस्कवर उतरेपर्यंत थांबण्याची हाक), बंद कर, रीनेम, मग ज्या डिरेक्टरीत रीनेम झाले त्या डिरेक्टरीवर एफसिंक. हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांची उपडिरेक्टरी नव्याने बनली असेल तर तिच्या वरच्या डिरेक्टरीवरही. हे शेवटचे विसरले की अख्खी उपडिरेक्टरीच हरवू शकते. डीएम-लॉग-राइट्सने ते दोन-तीन फ्लशांच्या मधल्या फटीत पकडून दिले. सगळे ऑब्जेक्ट असे पक्के झाल्यावरच रेफ हलवायचा, आणि तोही याच क्रमाने.

परत येणाऱ्या मूल्यांकडे जुन्या कोडचे लक्षच नव्हते. क्लोजचा निकालही पाहावा लागतो: नेटवर्क फाइल सिस्टिमवर जागा संपल्याची किंवा कोटा ओलांडल्याची चूक कधीकधी तिथेच कळते. एफसिंक फसला तर तोच पुन्हा मारून पाहण्यात अर्थ नाही. लिनक्सवर फसलेल्या लेखनानंतर ती पाने स्वच्छ समजली जाऊ शकतात आणि दुसरा एफसिंक खुशाल ‘यशस्वी’ सांगतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांमध्ये यावरून मोठी चर्चा झाली होती. म्हणून आता तात्पुरती फाइल टाकून देऊन मेमरीतल्या मजकुरापासून नव्याने लिहितो, आणि दुसऱ्यांदाही फसले तर काम थांबवतो. मॅकओएसवर साधा एफसिंक डिस्कच्या स्वतःच्या कॅशपर्यंतच पोहोचवतो. तिथे एफ-फुलएफसिंक ही वेगळी हाक मारावी लागते.

१५ जानेवारी: खराब फाइल स्वतःलाच राखत होती

वापरणाऱ्यांचे म्हणणे होते की तीच फाइल पुन्हा अॅड केली तरी रेपो सुधारत नाही. बरोबर होते. लिहिणारे फंक्शन आधी पाहायचे की त्या हॅशची फाइल आहे का. असेल तर लिहायचेच नाही. शून्य बाइटची का होईना, फाइल ‘आहे’. आता लांबी शून्य असेल तर ऑब्जेक्ट नाहीच असे धरतो आणि नव्याने लिहून वर रीनेम करतो.

आधीच खराब झालेल्या रेपोंसाठी ही कृती ठेवली आहे, याच क्रमाने:

१. पूर्ण रेपोची प्रत बाजूला. सावरताना चूक झाली तर परतायला जागा हवी.
२. ऑब्जेक्ट्स डिरेक्टरीतल्या रिकाम्या फाइली शोधून हटवणे. त्यात माहिती नाहीच, नुसता अडथळा आहे.
३. तपासणी चालवून ‘सापडत नाही’ अशांची यादी.
४. फाइलींचे मजकूर वर्किंग कॉपीतून पुन्हा हॅश करून लिहिणे. मजकूर तोच असेल तर नावही तेच येते. ट्री ऑब्जेक्ट (डिरेक्टरीतल्या फाइलींची यादी) इंडेक्सवरून परत बांधता येतो, इंडेक्स शाबूत असेल तर.
५. कमिट ऑब्जेक्ट दुसऱ्या क्लोनमधून (रेपोची दुसरीकडची प्रत) आणणे. कुठेच नसेल तर रेफलॉगमधल्या (रेफ कधी कुठे होता याची नोंदवही) शेवटच्या धड कमिटवर रेफ मागे नेऊन कामाची प्रत नव्याने कमिट करणे.

कमिट ऑब्जेक्ट हाताने पुन्हा बनवण्याच्या फंदात पडू नये. त्यात वेळेचा शिक्का सेकंदापर्यंत असतो. एक अक्षर चुकले तर हॅश वेगळा.

२१ जानेवारी: आता सगळे हळू

अपेक्षित होतेच. प्रत्येक ऑब्जेक्टमागे एफसिंक, मोठ्या आयातीत हजारो ऑब्जेक्ट. सेकंदांची कामे मिनिटांवर गेली आणि ‘एफसिंक बंद करायचा पर्याय द्या’ अशी मागणी आली. पर्याय दिला की लोक बंद करतात आणि ये रे माझ्या मागल्या.

पहिला प्रयत्न सिंकएफएसचा: सगळे ऑब्जेक्ट तात्पुरत्या डिरेक्टरीत लिहायचे, एकदाच पूर्ण फाइल सिस्टिम डिस्कवर उतरवायची, मग रीनेम. वेग चांगला मिळाला, पण त्याच डिस्कवर दुसरे कुणी मोठी फाइल उतरवत असेल तर त्याचाही डेटा उतरेपर्यंत आपले कमिट ताटकळते. शिवाय ५.८ च्या आधीच्या कर्नलवर सिंकएफएस लेखनातली चूक कळवतच नाही. टाकून दिले.

गिटने २.३६ या आवृत्तीत एकगठ्ठा एफसिंकची पद्धत आणली, पण तिची हमी मॅकओएस आणि विंडोजवरच्या ठरावीक फाइल सिस्टिमपुरती दिली आहे. लिनक्सवर ती जशीच्या तशी उचलली नाही.

शेवटी जे केले ते जास्त साधे: एका कामात १०० पेक्षा जास्त ऑब्जेक्ट होणार असतील तर सुटे न लिहिता थेट पॅक फाइल बनवायची. एफसिंक पॅकला एक, तिच्या अनुक्रमणिकेला एक, डिरेक्टरीला एक. इथे क्रम पाळलाच पाहिजे. वाचणारा अनुक्रमणिका पाहून पॅक आहे असे समजतो, म्हणून पॅकचे रीनेम आधी, अनुक्रमणिकेचे सर्वांत शेवटी. आयात आता एफसिंक नसतानाच्या वेळेच्या जवळपास होते, कारण हजारो लहान फाइली बनवण्याचा खर्चही वाचला.

२८ जानेवारी: मागे राहणाऱ्या लॉक फाइली

लॉक घेण्याची पद्धत बरोबर होती: ‘नसेल तरच बनव’ या अटीवर फाइल उघडायची, नवा मजकूर तिच्यातच लिहायचा, शेवटी रीनेम. सोडण्याच्या बाजूला तीन वेगवेगळे दोष निघाले.

पहिला: कंट्रोल-सी दाबल्यावर सफाई होत होती, पण टर्मिनल बंद केल्यावर किंवा पाइपचे दुसरे टोक मिटल्यावर नाही. सिग-इंट सोबत सिग-टर्म, सिग-हप आणि सिग-पाइपही पकडले.

दुसरा: सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन) ‘रद्द केले’ असा संदेश छापला जायचा. छापण्याचे फंक्शन आत लॉक घेते. मुख्य कोड नेमका छपाईतच असताना सिग्नल आला की प्रोसेस स्वतःचीच वाट पाहत लटकते. हँडलरमध्ये आता अनलिंक (फाइल हटवणे), सिग्नलची मूळ वागणूक परत लावणे आणि तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवणे, इतकेच.

तिसरा शोधायला सर्वांत जास्त वेळ गेला. हुक (ठरावीक टप्प्यावर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) चालवण्यासाठी फोर्क होतो, म्हणजे प्रोसेसची प्रत, चाइल्ड, बनते. चाइल्डकडे पॅरेंटच्या मेमरीची प्रत, म्हणजे ‘हटवायच्या लॉक फाइलीं’ची यादीही. हुकची स्क्रिप्ट सापडली नाही की एक्झेक (चाइल्डमध्ये नवा प्रोग्राम चढवणे) फसतो, चाइल्ड नेहमीच्या वाटेने बाहेर पडते आणि जाताना पॅरेंटचा लॉक उडवते. पॅरेंटला पत्ता नाही. तेवढ्यात दुसरी प्रोसेस लॉक घेऊन लिहू लागते. तक्रार ‘इंडेक्समधून अॅड केलेल्या फाइली गेल्या’ अशी यायची, लॉकचे नावही नाही. उपाय: यादीतल्या प्रत्येक नोंदीत मालकाचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), आणि हटवण्याआधी स्वतःच्या पीआयडीशी तुलना.

किल -९ आणि वीज जाणे यावर उपाय नाही, फाइल मागे राहणारच. ‘अमुक मिनिटांपेक्षा जुना लॉक आपोआप हटवा’ ही सूचना नाकारली. कमिट संदेशासाठी एडिटर उघडा ठेवून माणूस तासभर जाऊ शकतो. पीआयडी जिवंत आहे का हे पाहूनही भागत नाही: पीआयडी पुन्हा वापरले जातात आणि नेटवर्क डिस्कवर तो दुसऱ्याच मशीनचा असू शकतो. त्यापेक्षा चूक-संदेशात लॉकचा पूर्ण मार्ग, मशीनचे नाव आणि पीआयडी छापले, निर्णय माणसाचा. रेफचे लॉक क्षणभराचेच असतात, तिथे लगेच हार न मानता १०० मिलिसेकंदांपर्यंत थोड्या अनियमित अंतराने पुन्हा प्रयत्न करतो.

४ फेब्रुवारी: बदललेली फाइल दिसत नाही

काय बदलले ते दाखवणारी स्टेटस ही आज्ञा प्रत्येक फाइलचा मजकूर वाचत नाही. इंडेक्समध्ये नोंदवलेली वेळ आणि लांबी जुळली की ‘बदल नाही’ म्हणून पुढे जाते. स्क्रिप्टने हमखास फसवता येते: फाइलमध्ये ‘१२’ लिहा, अॅड करा, त्याच क्षणी ‘२१’ लिहा. लांबी तीच, वेळेचा शिक्का तोच.

नॅनोसेकंद नोंदवले की संपले, हा भाबडा समज. कर्नल बहुतेक वेळा शिक्का आपल्या घड्याळाच्या ठोक्याला मारतो, ठोके मिलिसेकंदांच्या अंतराने. १२८ बाइटच्या आयनोडवरच्या (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) ईएक्सटी४ मध्ये सेकंदाखालचा भाग साठवायला जागाच नाही, आणि फॅट फाइल सिस्टिमवर तर बदलाची वेळ २ सेकंदांच्या पटीत.

गिटचा जुनाच उपाय घेतला: फाइलची वेळ इंडेक्स फाइलच्या वेळेइतकी किंवा नंतरची असेल तर ती नोंद संशयित, मजकूर वाचून तुलना करायची. पण एवढ्यावर थांबले तर घोडे पेंड खाते. दुसऱ्या कुठल्या फाइलसाठी इंडेक्स पुन्हा लिहिला गेला की त्याची वेळ पुढे सरकते आणि संशयित नोंद अचानक निर्दोष दिसू लागते. म्हणून इंडेक्स लिहिताना संशयित नोंदी तपासून, मजकूर खरेच बदललेला असेल तर नोंदीतली लांबी मुद्दाम शून्य करायची. पुढच्या वेळी लांबी जुळणार नाही आणि फरक उघड होईल.

त्यालाही अपवाद आहे: मूळ फाइल अॅड केली तेव्हा मजकूर होता आणि नंतर ती खरोखरच रिकामी केली. आता शून्याशी शून्य जुळते! तेव्हा नोंदीत लांबी शून्य असेल तर तिचा हॅश रिकाम्या मजकुराचाच आहे ना, हे पाहायचे. नसेल तर फाइल बदललेली. याची चाचणी वेगळी लिहिली आहे, कारण कोड वाचणाऱ्याला ही ओळ अनावश्यक वाटून तो ती काढून टाकण्याची दाट शक्यता आहे.

११ फेब्रुवारी: क्षणभर गायब होणारी ब्रँच

रेफ दोन जागी असतात: सुटी फाइल, किंवा सगळे एकत्र असलेली पॅक्ड-रेफ्स फाइल. वाचताना आधी सुटी, नसेल तर पॅक्ड. आवरण्याचे काम पॅक्ड-रेफ्स लिहून मग सुटी फाइल हटवते. क्रम दोन्हीकडे बरोबर, तरी ब्रँच गायब.

दोष कॅशमध्ये होता. दीर्घकाळ चालणारी सर्व्हर प्रोसेस पॅक्ड-रेफ्स एकदाच वाचून मेमरीत ठेवायची. आवराआवर झाल्यावर तिला सुटी फाइल मिळेना आणि मेमरीतल्या जुन्या प्रतीत ती ब्रँच नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुन्या कमिटवर आहे. सुटी फाइल नाही असे दिसले की पॅक्ड-रेफ्सची वेळ, लांबी आणि आयनोड क्रमांक पाहून बदल असेल तर पुन्हा वाचायचे, एवढाच उपाय.

याच भागात आणखी दोन गोष्टी सुधारल्या. रेफ हटवताना आधी पॅक्डमधून, नंतर सुटी. उलट केले तर मधल्या क्षणी जुने मूल्य पुन्हा जिवंत होते. आणि ‘जुने मूल्य अमुक असेल तरच बदल’ ही तुलना लॉक घेण्याआधी होत होती, ती लॉक घेतल्यानंतर नेली. दोन पुश (सर्व्हरवर पाठवलेले बदल) एकाच वेळी आले तर आधीचा गुपचूप पुसला जात होता तो यामुळेच.

१९ फेब्रुवारी: सफाईने खाल्लेले ऑब्जेक्ट

सगळ्यांत किचकट. सफाई कुठूनच न पोहोचता येणारे, २ आठवड्यांपेक्षा जुने ऑब्जेक्ट हटवते. आता समजा एक बेवारस ऑब्जेक्ट महिनाभर पडून आहे आणि कुणी नेमका तोच मजकूर अॅड करतो. फाइल आहेच म्हणून लिहिणारे फंक्शन काही करत नाही. इकडे सफाईची यादी आधीच तयार; ती फाइल हटवते. तिकडे कमिट पूर्ण होते, आतून पोकळ.

ऑब्जेक्ट आधीच असेल तर त्याची वेळ ‘आत्ता’ करायची. ते जमले नाही, फाइल नाही म्हणून किंवा परवानगी नाही म्हणून, तर सरळ नवा लिहायचा. ऑब्जेक्ट पॅकमध्ये असेल तर पॅकची वेळ ताजी करायची. सफाई अनलिंकच्या ऐन आधी वेळ पुन्हा पाहते. याने फट अगदी अरुंद होते, बुजत मात्र नाही. पाहणे आणि हटवणे यांच्या मधे तेवढा क्षण उरतोच. वर्दळीच्या सर्व्हरवर सफाईच्या वेळी पुश थांबवणे हाच खात्रीचा मार्ग.

सफाई सुरुवात कुठून करते हेही तपासले. रेफ, रेफलॉग आणि मुख्य इंडेक्स धरले जात होते. जोडलेल्या इतर वर्क-ट्रींचे (त्याच रेपोच्या वेगळ्या कामाच्या प्रती) हेड (तिथले सध्याचे कमिट) आणि इंडेक्स नाहीत. तिथे अॅड करून ठेवलेले काम २ आठवड्यांनी उडण्याची सोय होती. तसेच ताज्या बेवारस ऑब्जेक्टपासून पोहोचता येणारे जुने ऑब्जेक्टही आता राखतो. ताजे कमिट ठेवून त्याचा जुना ट्री हटवण्यात काय हशील?

वाचणाऱ्या प्रोसेसलाही एक सवय लावली: ऑब्जेक्ट सापडला नाही तर पॅकची डिरेक्टरी एकदा नव्याने वाचून पुन्हा शोध, मगच चूक. नव्या पॅकमध्ये हलवलेला ऑब्जेक्ट ‘हरवला’ म्हणून येणाऱ्या तक्रारी इथे थांबल्या.

२६ फेब्रुवारी: येणारा माल आणि बॅकअप

पुशमधून येणारे ऑब्जेक्ट थेट रेपोत न घेता वेगळ्या डिरेक्टरीत उतरवतो. हॅश, रचना आणि जोडण्या तपासून, हुकने होकार दिल्यावरच आत हलवतो. गिटमध्ये ही विलगीकरणाची सोय २.११ पासून आहे. नाकारलेल्या पुशचा कचरा आता मागे उरत नाही.

मिररला (मूळ रेपोशी आपोआप जुळवली जाणारी प्रत) बॅकअप समजू नये. मार्च २०१३ मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मुख्य गिट सर्व्हरवर फाइल सिस्टिम बिघडली आणि मिररनी तो बिघाड इमानेइतबारे स्वतःकडे उतरवून घेतला. १५०० च्या आसपास रेपो धोक्यात आले होते. आमचा मिररही रेफ हटवला की हटवायचा. तो तसाच ठेवला, बॅकअप वेगळा केला: दिनांकवार प्रती आणि प्रत्येक प्रतीवर पूर्ण तपासणी.

चालू रेपोची फाइलवार प्रत घेताना रेफ आधी, ऑब्जेक्ट नंतर. रेफ लिहिला गेला तेव्हा त्याचे ऑब्जेक्ट डिस्कवर होतेच, त्यामुळे नंतर घेतलेल्या प्रतीत ते येणारच. उलट केले तर मधे झालेल्या कमिटचा रेफ येतो, ऑब्जेक्ट नाही. आरसिंक हे फाइलींची प्रत घेणारे साधन नावांच्या वर्णक्रमाने जाते आणि इंग्रजी वर्णक्रमात ऑब्जेक्ट्स हे नाव पॅक्ड-रेफ्स आणि रेफ्सच्या आधी येते, म्हणजे एका आज्ञेत घेतलेली प्रत नेमकी चुकीच्या क्रमाने होते. दोन फेऱ्या कराव्या: पहिलीत ऑब्जेक्ट्स वगळून सगळे, दुसरीत फक्त ऑब्जेक्ट्स. तेवढा वेळ सफाई आणि रेफ आवरणे बंद.

४ मार्च: चूक टोचणारी लायब्ररी

एलडी-प्रीलोडने (प्रोग्राम सुरू होताना आपली लायब्ररी आधी चढवण्याची सोय) चढणारी लहान लायब्ररी लिहिली. ती राइट, एफसिंक, रीनेम आणि क्लोज मोजते आणि ठरवलेल्या क्रमांकाच्या हाकेला ‘जागा संपली’ किंवा ‘इनपुट-आउटपुट चूक’ परत करते. क्रमांक १ पासून वाढवत न्यायचा, काम विनाअडथळा पूर्ण होईपर्यंत. प्रत्येक फेरीनंतर दोनच प्रश्न: जुने कमिट शाबूत आहे का, आणि आज्ञेने यश सांगितले असेल तर नवे कमिट खरेच आहे का?

पहिल्याच फेरीत रेफलॉगचे लेखन उघडे पडले: ते फसले तरी कमिट यशस्वी म्हणून सांगितले जात होते. आता रेफलॉग आधी लिहितो, रेफ नंतर. रेफलॉगमध्ये एखादी जास्तीची ओळ राहिली तर बिघडत नाही, कमी पडली तर सावरायचा दोर जातो.

शिल्लक: विंडोजवर अँटीव्हायरसने फाइल उघडी धरली की रीनेम फसते, त्यासाठी थांबून पुन्हा प्रयत्न करण्याचा कोड लिहिला आहे पण तपासलेला नाही. नेटवर्क डिस्कवरचा सामायिक रेपो या सगळ्यात धरलेला नाही; तोवर तशा रेपोवर साधन उघडताना इशारा छापते.